हातास काम, डोक्यास विद्या : बुकर वॉशिंग्टन आणि कर्मवीर भाऊराव

(कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीनिमित्त पनवेल तालुक्यातील एका गावी, मारुतीच्या देवळापुढे भरलेल्या सभेत एका मराठी शाळेच्या मास्तरांनी दिलेले व्याख्यान.)



आज २२ सप्टेंबर. १८८७ साली याच तारखेस कोल्हापूरकडील कुंभोज गावी भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. दरसाल आपण त्यांच्या तसबिरीस हार घालतो, वक्ते येतात आणि भाऊरावांस महाराष्ट्राचे बुकर टी. वॉशिंग्टन म्हणून जातात. आपण टाळ्या वाजवितो, नारळ फुटतो, प्रसाद खाऊन घरी जातो. गेल्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातील एका पोरीने मला विचारले, ‘गुरुजी, तो वॉशिंग्टन कोणत्या गावचा पाटील?’ सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. ज्याचे नाव आपण दरसाल घेतो तो कोण होता, हे त्या पोरीस कोणी सांगितलेच नव्हते, मीही नव्हते. ते कर्ज आज फेडतो.

हा बुकर पाटील नव्हता, शेतकरी नव्हता, कुळदेखील नव्हता. तो गुलाम होता. गुलाम म्हणजे गडी नव्हे. गड्यास वर्षाचा करार असतो. गुलामास करार नसतो. त्याची आई, तो, त्याची भावंडे ही धन्याच्या दप्तरात बैल आणि नांगर यांच्याबरोबर किंमत लावून लिहिलेली असत. अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतात १८५६ साली तो जन्मला. आई धन्याची स्वयंपाकीण. निजायला मातीची जमीन आणि चिंध्यांचा गठ्ठा. त्या देशाच्या दक्षिणेकडील कित्येक प्रांतांत गुलामास अक्षर शिकविणे हा गुन्हा होता. अलाबामा प्रांताने १८३२ साली कायदाच केला की, जो कोणी गुलामास लिहावाचावयास शिकवील त्यास २५० ते ५०० डॉलर दंड. मंडळी, हे ऐकून आपणांस परके वाटते काय? आमच्याकडे शूद्रातिशूद्रांस अक्षरबंदी करण्यासाठी सरकारी कायदा लागला नाही; धर्माचे नाव पुरले. कुलूप निराळे, कोठडी तीच.

१८६५ साली तेथील यादवी युद्ध संपले व गुलामी कायद्याने गेली. बुकर त्या वेळी नऊ वर्षांचा. त्याचा सावत्र बाप मिठाच्या भट्टीवर कामास होता. त्याने सारे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन गावी बोलावून घेतले. आमच्याकडे मिठागरात खाऱ्या पाण्याला ऊन आटविते, तेथे ते भट्टीवर आटवीत, एवढाच फरक. पोरगा पहाटे चार वाजता भट्टीवर उभा राही. मिठाच्या पिपांवर प्रत्येक मजुराचा आकडा घालीत. त्याच्या बापाचा आकडा होता १८. बुकरने आयुष्यात पहिल्याने जे अक्षर ओळखले ते हे : १८. पाटीवर नव्हे, पुस्तकात नव्हे, मिठाच्या पिपावर! आईने कोठून तरी एक अंकलिपी आणून दिली. पण वस्तीतील आपल्या लोकांत एकासही वाचता येईना. पोराने एकट्यानेच अक्षरांशी झटापट केली. पुढे शाळा निघाली तेव्हा बाप म्हणाला, कामावरून सोडणार नाही. मग तोड निघाली : पहाटेपासून नऊपर्यंत भट्टी, मग शाळा, आणि शाळा सुटल्यावर पुन्हा भट्टी.

शाळेत पहिल्या दिवशी मास्तराने हजेरी घेतली. प्रत्येक पोरास दोन दोन नावे. याला एकच, बुकर. गुलामास आडनाव कोठचे? पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, ‘बुकर वॉशिंग्टन’. आडनाव असे स्वतः घेतले आणि जन्मभर निभावले. आमच्यात आडनावावरून जात काढणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१८७२ साली हा पोरगा सुमारे ५०० मैलांवरच्या हॅम्प्टनच्या शाळेस निघाला. पैसे वाटेतच संपले. रिचमंड शहरात तो लाकडी फरसबंदीच्या खाली निजला, सकाळी गलबतातून लोखंड उतरवून पोट भरले, आणि शाळेत पोहोचला तेव्हा खिशात अर्धा डॉलर. अंगावरचे कपडे असे की बाईंनी त्याला आत घ्यावे की नाही याचा विचार तासन्‌तास केला. शेवटी म्हणाल्या, ही खोली झाडून काढ. त्याने खोली तीनदा झाडली, चारदा पुसली. बाईंनी हातरुमाल फिरवून पाहिला, धुळीचा कण नाही. हीच त्याची प्रवेशपरीक्षा. मंडळी, झाडू मारणे हे आमच्याकडे एका जातीच्या कपाळी बांधून ठेवले; तेथे तो एका विद्यापीठाच्या संस्थापकाचा पहिला धडा झाला.

आता कारागीर मंडळींनी कान द्यावा. अलाबामा प्रांतात टस्कीगी नावाचे गाव आहे. तेथे लुईस अॅडम्स नावाचा कारागीर होता : पत्र्याचे काम करी, जोडे शिवी, घोड्याचा साज करी. तोही पूर्वीचा गुलाम. १८८० साली निवडणूक आली. फॉस्टर नावाचा, गुलामी राखण्यासाठी लढलेल्या फौजेतला कर्नल उमेदवार होता. तो या कारागिराकडे आला, तुमच्या लोकांची मते मला द्याल काय, म्हणून विचारू लागला. अॅडम्सने काय मागावे? पैसा मागितला नाही, जेवणावळ मागितली नाही, देवळास कळस मागितला नाही. तो म्हणाला, आमच्या लोकांना शाळा हवी. कर्नल निवडून आला आणि प्रांताच्या कायदेमंडळाने शिक्षकांच्या पगारासाठी दरसाल २००० डॉलर मंजूर केले. ही शाळा चालविण्यास माणूस पाहिजे म्हणून हॅम्प्टनला पत्र गेले आणि तेथून पंचवीस वर्षांचा बुकर वॉशिंग्टन आला.

येऊन पाहतो तो पगार मंजूर, पण जमीन नाही, इमारत नाही, फळाही नाही. ४ जुलै १८८१ रोजी एका मोडक्या खोपटात ३० विद्यार्थी घेऊन त्याने शाळा मांडली. पुढे १०० एकरांचा एक उजाड मळा ५०० डॉलरांस मिळाला. निम्मे पैसे उसने आणून तो घेतला. तबेल्यात वर्ग भरला, कोंबड्यांच्या खुराड्यात वर्ग भरला. सत्तरीची एक म्हातारी, पूर्वीची गुलाम, अंगावर फाटकी पण स्वच्छ वस्त्रे, काठी टेकीत आली आणि जवळ होती तेवढी सहा अंडी शाळेसाठी देऊन गेली.

मग इमारत बांधायची ठरली. विटा कोठून आणाव्या? विद्यार्थ्यांनीच पाडाव्या. पोरे गुडघाभर चिखलात उतरली. पुष्कळांनी कुरकुर केली : आम्ही चिखल तुडविण्यास शिकायला आलो काय? पहिली भट्टी फसली. दुसरी फसली. तिसरी शेवटच्या घटकेला ढासळली. हातात पैसा उरला नाही. बुकरने आपले घड्याळ १५ डॉलरांस गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती भाजून निघाली. घड्याळ पुन्हा सोडविता आले नाही; पण विटा मात्र अशा निघाल्या की गोरे लोकही गाड्या घेऊन विटा न्यायला येऊ लागले. १९१५ साली तो वारला तेव्हा ३० विद्यार्थ्यांचे सुमारे १५०० झाले होते आणि आवारात शंभरावर लहानमोठ्या इमारती उभ्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीच बांधलेल्या. ‘एक होता कार्व्हर’ हे वीणा गवाणकरांचे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांच्या पोरांनी वाचले आहे. तो शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर १८९६ साली याच शाळेत आला. तोही गुलामीत जन्मलेला. आज त्या शाळेस टस्कीगी विद्यापीठ म्हणतात.

पण मंडळी, थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याची चूक झाकणे हे भाटाचे काम आहे, सत्यशोधकाचे नव्हे. १८९५ साली अटलांटा शहरी बुकरने मोठे व्याख्यान दिले. त्याचा मथितार्थ असा की, आमच्या लोकांनी तूर्त धंदा शिकावा, घरदार करावे. राज्यकारभाराच्या व बरोबरीच्या हक्कांची घाई करू नये. गोऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ड्यू बॉइस नावाच्या काळ्या विद्वानाने १९०३ साली त्यास उघड विरोध केला : हक्क सोडून मिळविलेला धंदा टिकणार कसा, आणि उच्च विद्या कोणी घ्यावयाची? आणि झाले काय ते पाहा. १९०१ साली अलाबामाने नवी राज्यघटना केली व काळ्या लोकांचे मत जवळजवळ काढूनच घेतले. ज्या मताच्या जोरावर लुईस अॅडम्सने शाळा मिळविली, ते मतच गेले! बुकरने आतून गुपचूप पैसा देऊन कोर्टात झगडे चालविले, हे पुढे उघडकीस आले. पण गुपचूप लढून हक्क परत आले नाहीत. ते कायद्याने पक्के व्हावयास १९६५ साल उजाडावे लागले.

आता आपल्या घरी येऊ. १८७३ साली बुकर हॅम्प्टनला शिकत होता. त्याच साली पुण्यास जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले आणि ते अर्पण केले कोणास? काळ्या लोकांस दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांस. त्या पोराला जोतीरावांचे नाव ठाऊक नव्हते, जोतीरावांस त्याचे नव्हते. पण दोघांनी एकच दुखणे ओळखले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी मागणी केली की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करा. कारण सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने आणि शिकतात मात्र वरचे.

भाऊराव याच झाडाची फांदी. सत्यशोधक समाजाच्या कार्यात ते वाढले, राजर्षी शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरात शिकले. अस्पृश्यांस पाणी भरू देत नाहीत म्हणून लहानपणी त्यांनी इस्लामपुरास विहिरीचा रहाट मोडून टाकला, असे सांगतात. मोठेपणी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकीत ते गावोगाव फिरले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्यांनी पाहिले की नांगर नवा आला तरी सावकाराचे खत वाचता येत नाही तोवर पीक दुसऱ्याच्याच घरी जाते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले.

या वसतिगृहात काय होते? मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, धनगर, सगळ्यांची पोरे एका चुलीवर शिजवीत व एका पंगतीत जेवीत. शेतात राबत, भाजी पिकवीत, दगड फोडीत आणि शिकत. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. मातांनो, टस्कीगीला घड्याळ गहाण पडले. साताऱ्यास मंगळसूत्र मोडले गेले. सौभाग्याची खूण मोडून परक्यांची पोरे जेवू घालणारी ती माउली १९३० साली वारली. तिचा फोटो आपल्या किती शाळांत आहे, ते जाऊन पाहा.

येथे मी आपणांस मुद्द्याची गोष्ट सांगतो. बुकरने काम आणि विद्या यांची सांगड घातली; भाऊरावांनीही घातली. पण भाऊरावांनी त्या शिडीला वर झाकण घातले नाही. सुताराच्या पोराने रंधा धरावा, पण रंध्यापाशीच थांबावे, असे ते म्हणाले नाहीत. १९३५ साली आम्हां मराठी शाळेच्या मास्तरांसाठी ट्रेनिंग कॉलेज. १९४० साली साताऱ्यास सयाजीराव महाराजांच्या नावाचे हायस्कूल, राहणे व शिकणे फुकट, कमवा आणि शिका. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, हे संस्थेचे बोधवाक्य. त्यात स्वावलंबन आहे तसे शिक्षणही आहे, आणि ते पदवीपर्यंत आहे. दुसरे असे की, त्यांनी एका जातीची शाळा काढली नाही; पंगत एक केली. शाळेची चूल आणि जातीविरुद्धची लढाई त्यांनी वेगळी ठेवली नाही. ९ मे १९५९ रोजी ते गेले. आज पनवेलीस त्याच संस्थेचे महात्मा फुले कॉलेज उभे आहे व आपल्या गावची पोरे तेथे जातात.

कोणी म्हणेल, मास्तर, पोरगा शिकला की धड शेतावरचा राहत नाही, धड ऑफिसातला होत नाही. बाबांनो, खरे सांगा, शेत तरी राहिले आहे काय? १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्यावर आपल्या माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मे झाले. तेव्हा कोठे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरी पडला. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील जासईच्या शेतकऱ्याचे पुत्र. पण ते वकील झाले होते, म्हणून सरकारी कागद त्यांस वाचता येत होता आणि त्याचे उत्तरही देता येत होते. जेथे भात डोलत होते व मिठाच्या राशी दिसत होत्या, तेथे विमानतळ झाला. २०२५ साली त्याचे उद्घाटन झाले. जमीन गेली ती परत येणार नाही. मोबदल्याचा पैसा मात्र कोठे गेला, ते ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. गाडीत किती, हळदीच्या मांडवात किती, बँडबाजा आणि जेवणावळीत किती, आणि लेकरांच्या विद्येत किती?

आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून मला खाली बसवत नाही. आपण गुलामगिरी अमेरिकेत पाहिली. आपल्या वेशीबाहेर पाहिली काय? दिवाळी सरली की माझ्या वर्गातील कातकरी वाडीची पोरे दिसेनाशी होतात. हजेरीत नावे राहतात, पोरे राहत नाहीत. आईबापांनी पावसाळ्यात पोटासाठी उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी सारे बिऱ्हाड वीटभट्टीवर जाते. पावसाळ्याच्या तोंडी परत येतात तो हिशेबात बाकी उरलेलीच असते, की पुढल्या साली पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. सहा ते चौदा वर्षांच्या पोराला शाळेचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. कायदे कपाटात आणि पोर चिखलात! टस्कीगीच्या पोरांनी विटा पाडल्या त्या स्वतःच्या शाळेसाठी. आमची कातकऱ्याची पोरे विटा पाडतात त्या दुसऱ्याच्या इमारतीसाठी, आणि स्वतःच्या शाळेस मुकतात. हाच काम आणि गुलामी यांतला फरक. त्या भट्ट्यांवर विटा कोणाच्या जातात? आपल्याही बंगल्यांना जातात. भट्टीचे मालक सगळे परके आहेत, असेही नाही. तेव्हा भटजी आणि शेटजी यांस शिव्या देऊन आपली सुटका होणार नाही. जोतीरावांनी शूद्रांबरोबर अतिशूद्र हा शब्द जोडून घेतला होता. तो आपण सोयीने गाळतो.

म्हणून तीन मागण्या करतो. त्या सरकारकडे नाहीत, या देवळापुढे बसलेल्या माणसांकडे आहेत.

पहिली : या दिवाळीनंतर वाडीतील पोरे भट्टीवर जाऊ द्यायची नाहीत. आईबाप गेले तरी पोरे गावात राहतील. अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. तिचा अर्ज मी लिहितो, पंचायतीने ठराव करावा. योजनेचे पैसे येण्यास उशीर झाला तर रोज घरटी एक मूठ तांदूळ बाजूला काढा. भाऊरावांची बोर्डिंगे अशाच मुठींवर चालली. आणि ती पोरे आपल्या पोरांच्या पंगतीत बसतील, निराळी नव्हे.

दुसरी : लग्नात हळदीस जो खर्च होतो त्याचा दहावा हिस्सा गावाच्या अभ्यासिकेस द्या. म्हातारीने सहा अंडी दिली. आपण सहा डेगी मटण शिजवितो.

तिसरी : निवडणूक आली की उमेदवार येतील. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोडून समूहशाळा करण्याचा सरकारी विचार निघाला होता, तो विसरू नका. जी शाळा आज पायवाटेवर आहे ती उद्या सहा मैलांवर गेली, तर पहिल्याने घरी बसेल ती मुलगी. तेव्हा उमेदवाराने क्रिकेटच्या सामन्यास बक्षीस देऊ केले, तर लुईस अॅडम्सची आठवण ठेवा. मत त्याच्यापाशी एकच होते. त्याने ते शाळेसाठी दिले.

त्या पोरीच्या प्रश्नाचे उत्तर आज देतो. बाळ, बुकर वॉशिंग्टन हा पाटील नव्हता. मिठाच्या पिपावरचा १८ हा आकडा वाचून तो निघाला आणि त्याने एक विद्यापीठ उभे केले. दिवाळीनंतर तुझ्या शेजारची जागा रिकामी दिसली, तर मला येऊन सांग. आणि मी काही केले नाही, तर या सभेतल्या सगळ्यांना जाऊन सांग.

 सत्याचा जय असो.